चिकटवहीतली मार्कशीट

मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. अमरावतीत, एका खाजगी शाळेत. दाखले देणं, मार्कशीट वाटणं, जनरल रजिस्टर लिहिणं हे माझं काम. जूनमध्ये माझ्या खिडकीसमोर रांग लागते आणि रांगेतल्या प्रत्येक पोराला मी तेच ते सांगतो. मूळ कागद लॅमिनेट करू नको, मूळ कागदाला पंच मारू नको, मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नको. एकदा पानठेल्यावर उभा होतो तर मागून कोणीतरी माझ्याच आवाजात हे सगळं म्हणून दाखवलं. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, की पोरांच्या डोक्यात काहीतरी राहतं.

हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं याच माणसानं केलेलं आहे.

कागद चिकटवायचा मला लहानपणापासून नाद. सातवीत सरांनी चिकटवही करायला सांगितली होती, झाडांची पानं आणि पक्ष्यांची चित्रं. बाकीच्या पोरांची वही परीक्षेनंतर रद्दीत गेली. माझी थांबलीच नाही. एसटीची पंच मारलेली जुनी तिकिटं, काडेपेट्यांवरची चित्रं, शेंदूरजनाघाटहून एका मित्रानं आणून दिलेली संत्र्याच्या पेट्यांवरची लेबलं, सरकीच्या पिशव्यांवरचे ठसे. नोकरी लागल्यावर हात सुधारला. जाड कार्डशीट आणायचो, नागमोडी कातर घेतली, दुहेरी चिकटपट्टी घेतली. मोबाईलवर लोक काय काय करतात ते पाहून शिकलो. याला स्क्रॅपबुक म्हणतात हेही तिथंच कळलं. बायको म्हणायची, "मानसं रविवारी मटन आनतात, तुमी कागद आनता." पाहुण्यांसमोर म्हणायची, "यायले नका विचारू काई, यायचा अभ्यास चालू हाय." मी हसायचो. दारू नाही, पत्ते नाही, एवढा एक शौक. त्याचं कोणी काय वाईट म्हणावं?

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आजा अंगठेबहाद्दर, बाप अंगठेबहाद्दर. बाप गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. मी बी.ए. झालो त्या दिवशी त्यानं पेढे वाटले नाहीत. लोखंडी पेटी ओढत आणली, उघडली आणि आतले सगळे कागद माझ्यापुढे ठेवले. "आता हे तुह्यापाशी," म्हणाला. आमच्यासारख्या घरांत ही रीतच आहे. घरातला शिकलेला माणूस जिथं राहतो तिथं घराचे कागद राहतात. घराच्या मालकीचा नमुना आठ, जातीचे दाखले, रेशनकार्ड, कोणाचा टीसी, कोणाचा मृत्यूचा दाखला, सगळं अमरावतीला माझ्या कपाटात. प्रत्येकाची वेगळी फाईल, वर नाव. गावाकडून कोणालाही कागद लागला की मला फोन. मी पाठवायचो, काम झालं की परत मागायचो. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. पूर्ण खटल्याचा मी तलाठी.

त्यात माझ्या मोठ्या बहिणीचीही फाईल होती. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बारावी झाली आणि निकालानंतर दोन महिन्यांत तिचं लग्न झालं. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा काविळीनं गेला. सासरी कोणी ठेवून घेतलं नाही, म्हणून पोरीला घेऊन माहेरी आली. आमचं गाव अंजनगाव सुर्जीकडे आहे. आईवडील आता नाहीत, त्यांच्या दोन खोल्यांत ती राहते आणि लोकांच्या वावरात मजुरीला जाते. निंदायला, वेचायला, सोंगायला, जे असेल ते.

यंदा उन्हाळा लागायच्या सुमारास कार्डशीट घ्यायला दुकानात गेलो तर काउंटरवर एक पत्रक लावलेलं होतं. अकोल्यातल्या हौशी कलाकारांच्या एका मंडळानं स्क्रॅपबुक स्पर्धा ठेवली होती. हौशी गट वेगळा, विषय 'माझ्या घराची गोष्ट', बारा पानं. नियम पाचवा असा होता की चिकटवलेले कागद आणि वस्तू मूळ असाव्यात, झेरॉक्स लावलेली वही बाद होईल. मी तो नियम तिथंच दोनदा वाचला आणि मला आनंद झाला. मूळ कागद माझ्याइतके कोणाजवळ असणार?

चार रविवार दुपारी पंख्याखाली बसून मी ती वही केली. बापाच्या पानावर ओळंब्याची दोरी आणि सिमेंटच्या पोत्याचा तुकडा लावला. आईच्या पानावर फुटलेल्या बांगड्या, आणि तिच्या लुगड्याचा काठ. सातव्या-आठव्या पानावर मिळून एक शिडी काढली. नाव दिलं 'शिक्षणाची शिडी'. सगळ्यात खालच्या पायरीवर रद्द झालेल्या रेशनकार्डाचं पान, त्यावर बापाचा अंगठा. दुसऱ्या पायरीवर आईची साक्षरता वर्गातली चिठ्ठी, जिच्यावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं होतं. तिसऱ्या पायरीवर बाईची बारावीची मार्कशीट. आणि सगळ्यात वर, लहान आकारात, माझी पदवी.

मार्कशीट पायरीवर बसत नव्हती. मी ती कापली. वरचा नावाचा भाग ठेवला, खालचा 'उत्तीर्ण' शब्द ठेवला, मधलं काढून टाकलं. कडेनं नागमोडी कातर फिरवली. दोन तुकडे जोडून पांढऱ्या गमनं पक्के चिकटवले, वरून जुनी वही ठेवून रात्रभर दाबून ठेवले. खाली चांगल्या अक्षरात लिहिलं, 'माझ्यासाठी जिनं शिक्षण सोडलं ती माझी बाई.' मधले तुकडे बाकी कचऱ्याबरोबर गेले.

तिला विचारावं असं मनात आलंच नाही. तिला आता या कागदाचं काय करायचं, असं जर मी ठरवून म्हटलं असतं तर निदान विचार तरी केला असं म्हणता आलं असतं. तेवढाही केला नाही. कागद माझ्या कपाटात होता म्हणजे माझा होता.

दुसरं बक्षीस मिळालं. अकोल्याला एका मंगल कार्यालयात कार्यक्रम होता, उन्हानं पत्रे तापलेले, कूलर नुसता आवाज करत होता. परीक्षक एक निवृत्त चित्रकला शिक्षिका होत्या. शिडीच्या पानावरून हात फिरवून त्या माईकवर म्हणाल्या, "घरच्यांनी इतकी वर्षं जपलेले कागद यांच्या हवाली केले, हा केवढा विश्वास आहे." टाळ्या पडल्या. बायकोनं फोटो काढला. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. बाईजवळ साधा फोन आहे, पण पोरीच्या मोबाईलवर तिनं पाहिला आणि फोन केला. "लेका, फोटोत लय जाडा दिसून राहिला तू. बायको काय खाऊ घालते?" मी म्हटलं, "बक्षीस दिसलं का ते सांग." "दिसलं ना. ट्रॉफी चांगली हाय. देव्हाऱ्यात ठेव." आमच्या घरात देव्हारा नाही, हे तिलाही ठाऊक. दोघंही हसलो.

वह्या पुढचे पंधरा दिवस तिथंच प्रदर्शनात राहणार होत्या.

नवव्या दिवशी ऑफिसात असताना बाईचा पुन्हा फोन आला. आवाज वेगळाच. "भाऊ, अंगनवाडी सेविकेची जागा निंघाली. आपल्याच गावची."

हे काय आहे ते नीट सांगितलं पाहिजे. गावात अंगणवाडी एक आणि सेविका एक. सेविका त्याच गावची रहिवासी लागते, बारावी पास लागते. जी एकदा लागली ती निवृत्त होईपर्यंत तिथंच, मधे जागा निघत नाही. वयाची अट असते, विधवेला चाळिशीपर्यंत सूट आणि वरून जास्तीचे गुण. बाईला दिवाळीत चाळीस पूर्ण होणार होती. आमच्या गावची अंगणवाडी पूर्वी विहारात भरायची तेव्हापासून एकच सेविका होती, ती आता निवृत्त झाली होती. म्हणजे बाईच्या जन्मात ही जागा एकदाच निघाली आणि ती आता.

"उनातून सुटीन रे मी," ती म्हणाली. "गुडघे गेले माह्ये. आन पोरीच्या फारमवर दरसाल आईचा धंदा मजुरी ल्याहा लागते. ते बदलन." मग कामाचं बोलली. "बारावीची मार्कशीट पाठोव. ओरिजिनल मांगतात. आठ दिवस हायेत फारम भराले."

मी म्हटलं, "पाठवतो."

फोन ठेवला तेव्हा समोर खिडकीत एक बाप उभा होता, पोराच्या टीसीसाठी. त्याला मी रजिस्टरमध्ये नाव शोधून दिलं, सही घेतली, आणि सवयीनं सांगितलंही, "मूळ आहे, जपून ठेवा."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून अकोल्याला गेलो. मंडळाचे एक गृहस्थ वह्यांजवळ बसले होते. म्हणाले, "प्रदर्शन संपल्याशिवाय वही उचलता येत नाही." मी म्हटलं, घरात अडचण आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वही पिशवीत घालून दिली. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत ती पिशवी मी उघडलीच नाही.

घरी येऊन पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि त्या पानाला वाफ दिली. कागद सुटायच्या ऐवजी सोलला. वरचा पापुद्रा निघाला, मागचा कार्डशीटला तसाच राहिला. नावाची शाई पसरली. आणि समजा सगळं नीट निघालं असतं तरी काय होतं? मधले गुण, बैठक क्रमांक, सगळं महिनाभरापूर्वीच घंटागाडीत गेलेलं. ऑनलाइन पाहिलं, तिथं बैठक क्रमांकच मागत होते.

बायको मागं उभी होती. "आज सांगा बाईले," ती म्हणाली. "आत्ता सांगा."

"उद्या सांगतो. आधी काई मार्ग निंघते का पाहू दे."

"मार्ग बाई काहाडन. तुमी फक्त सांगा."

मी सांगितलं नाही. दोन दिवस सांगितलं नाही. आठ दिवसांतले ते दोन माझ्या लाजेत गेले. बाईचा फोन आला की म्हणायचो, शोधून राहिलो. दुसऱ्या वेळी ती, "तुह्यापाशी कागद शोधा लागते?" म्हणाली. "तू त साल पाहून लावते सारं."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच आली. अंजनगावहून पहिल्या बसनं, हातात कापडी पिशवी, पदरानं तोंड पुसत दारात उभी. पाणी प्याली. मग म्हणाली, "दे."

मी वही आणून तिच्यापुढे ठेवली. तिला वाटलं बक्षिसाची वही दाखवतोय. तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. बापाच्या पानावर बराच वेळ थांबली, दोरीला हात लावला. "बाबाचीच हाय का?" "हो." आईचं पान पाहून डोळे पुसले. म्हणाली, "हात चांगला हाय तुह्या." मी तोंड उघडायला पाहत होतो. तेवढ्यात तिनं शिडीचं पान काढलं.

वाफेनं ते पान फुगलेलं होतं. तिनं आधी खालचं वाक्य वाचलं, हळू, ओठ हलवत. मग वर पाहिलं.

"हे माह्यं नाव हाय."

"हो."

"बाकीचं कुठं हाय?"

"कापलं."

"काहून?"

"पायरीवर बसत नव्हतं."

तिनं मान हलवली, जणू उत्तर बरोबरच आहे. बोट वर सरकवत नेलं, माझ्या पदवीपर्यंत. तिथं अंगठ्यानं कागद घासून पाहिला. वावरात काम करून तिची बोटं जाड झालीत, पण तिला कळलं.

"हे झेरॉक्स हाय."

होती झेरॉक्सच. रंगीत, जाड कागदावर, लहान करून काढलेली. मूळ पदवी कपाटात माझ्या फाईलमध्ये होती, प्लॅस्टिकच्या कव्हरात. नियम मला पाठ होता. माझी पदवी कापायची म्हटल्यावर माझा हात चालला नव्हता. दुसरा काही विचार मी केला नव्हता.

"तुह्यी काहून नाई कापली?" तिनं विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिनंही माझ्याकडे पाहिलं. हे तिलाही माहीत नव्हतं.

"आन त्यायले समजलं नाई?" बाई म्हणाली.

"कोनाले?"

"बक्षीस देनाऱ्यायले."

"नाई समजलं."

"हुशार हायेस."

ती ओरडली असती, रडली असती, वही फेकली असती तर मला सोपं गेलं असतं. ती वही मिटवून बाजूला ठेवून म्हणाली, "आता काय करा लागते ते सांग. तुले ठाऊक असते." मग म्हणाली, "आन माह्ये बाकीचे कागद काहाड. सारे." मी तिची फाईल दिली. तिनं एकेक कागद उलटसुलट करून पाहिला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखलासुद्धा, आणि पिशवीत घातला. रिकामी फाईल मला परत दिली. तिच्यावर माझ्या अक्षरात तिचं नाव होतं.

त्याच दिवशी आम्ही अंजनगावला गेलो, ती शिकली त्या ज्युनिअर कॉलेजमध्ये. तिथला कारकून माझ्यापेक्षा वयानं मोठा. मी त्याला माझीही नोकरी सांगितली, म्हणून त्यानं जुनं रजिस्टर लवकर काढलं. धूळ झटकली, पानं उलटली, बोट ठेवलं. बैठक क्रमांक वाचला, मी लिहून घेतला. मग तो गुण वाचायला लागला. मराठी एक्याऐंशी. इतिहास अठ्ठ्याहत्तर. शेवटी टक्के सांगितले, चौऱ्याहत्तर. "हुशार होत्या की हो मॅडम," तो म्हणाला. "पुढं काय केलं?"

"लगन," बाई म्हणाली.

मला बारावीला त्रेसष्ट होते. पंधरा वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता. मी तो कापला तेव्हा ते आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते, कातर त्यांच्यावरूनच गेली. मला आठवत नाहीत. मी पाहिलेच नसतील, की पाहून विसरलो, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. लोकांना मात्र मी आयुष्यभर सांगत आलो की घरात अभ्यासाचं डोकं मलाच होतं.

त्यानं रजिस्टरचा उतारा शिक्क्यानिशी दिला. बाहेर स्टँडवर आम्ही बसची वाट पाहत उभे राहिलो. बाईनं उतारा पिशवीत इतर कागदांत ठेवला. मग समोर पाहतच म्हणाली, "तू थे खोटं लिवलं."

"काय?"

"माह्यासाठी जिनं शिक्षन सोडलं म्हून. म्या नाई सोडलं. म्या बाबाले म्हटलं होतं, मले डी.एड.ले टाका. दोन दिवस जेवली नाई मी. तू होता ना घरात. चौदा वर्साचा होता, काई लहान नोता."

मला ते दोन दिवस आठवत नव्हते. मी शाळेच्या भाषणात, लग्नात, नोकरीच्या मुलाखतीत ही गोष्ट सांगितली होती की माझ्या बहिणीनं माझ्यासाठी त्याग केला. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे. तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला बोर्डाच्या ऑफिसात दुय्यम प्रतीचा अर्ज भरला. खिडकीही माझ्या खिडकीसारखीच. आतला माणूस म्हणाला, महिना लागेल. मी हात जोडले, चार दिवस राहिलेत म्हणून सांगितलं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मूळ जपून ठेवायची असते, साहेब." बोलण्यात चीड नव्हती. मी रोज बोलतो तसाच बोलला.

शेवटच्या दिवशी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. बायांची गर्दी, प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत तिचं आयुष्य. बाईनं धुतलेलं पातळ नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं. टेबलावरच्या मॅडमनी तिचा अर्ज घेतला. रहिवासी दाखला पाहिला, मृत्यूचा दाखला पाहिला. जन्मतारीख पाहून म्हणाल्या, "तुमची ही शेवटचीच संधी, ताई." मग उतारा आणि बोर्डाची पावती हातात घेतली आणि थांबल्या.

"मूळ मार्कशीट?"

मी पुढे झालो. मी म्हटलं, मॅडम, मी स्वतः पदवीधर आहे, शाळेत कारकून आहे, मला नियम माहीत आहेत. कॉलेजचा शिक्का आहे, बोर्डाची पावती आहे, गुण तर यात दिसतातच. तुम्ही अट घालून अर्ज घ्या, प्रत आली की आणून देतो. माझा आवाज चढला. मागच्या बाया ऐकायला लागल्या.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मूळ किंवा बोर्डाची दुय्यम प्रत. उताऱ्यावर मी घेतला तर बाकीच्या हरकत घेतील आणि यादीच अडकेल. मूळ कुठं आहे?"

"हरवली," मी म्हटलं.

"हरवली नाई मॅडम," बाई म्हणाली. "यानं कापली."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात लाल पेनानं दोन शब्द लिहिले, 'कागदपत्रे अपूर्ण', आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं. ते दोन शब्द मी दरवर्षी शंभर अर्जांवर लिहितो.

जागा गावातल्याच एका सुनेला मिळाली. सव्वीस वर्षांची पोरगी आहे, बारावीला अठ्ठावन्न टक्के. तिचं काही चुकलं नाही, तिनं आपले कागद आणले. आता ती साठीला येईपर्यंत तिथं राहील. बाई तिच्याशी नीट बोलते असं भाची सांगते. पोरांचं वजन करायच्या दिवशी पोरं जास्त झाली की ती पोरगी बाईला हाताखाली बोलावतेही, आणि बाई जाते.

बायकोनं मला त्यावरून टोमणा मारला नाही. तिनं टोमणे मारणंच बंद केलं. रविवारी मी नुसता बसून राहतो आणि ती समोरून जाते. ट्रॉफी मी मंडळाला परत पाठवली, सोबत झेरॉक्सबद्दल चिठ्ठी लिहून. त्यांचं उत्तर आलं नाही.

दुय्यम प्रत पाच आठवड्यांनी आली. टपालानं पाठवायचा धीर झाला नाही, स्वतः घेऊन गेलो. बाई घरी नव्हती. भाची म्हणाली, आई निंदायला गेलीय, नाल्याच्या पलीकडे. मी तिकडे गेलो. सोयाबीनमध्ये सात-आठ बाया ओळीनं बसून निंदत होत्या. मला पाहून बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आली. हात कोपरापर्यंत चिखलाचे.

"आली का?"

"आली."

"माह्ये हात भरले हायेत. तूच वाच."

"काय वाचू?"

"सारं वाच. जे कापलं थे वाच."

मी धुऱ्यावर उभा राहून वाचलं. बाकीच्या बायांचे विळे थांबले. नाव वाचलं, आईचं नाव वाचलं, बैठक क्रमांक वाचला. मराठी, इंग्रजी, इतिहास, एकेक विषय, अंकांत आणि अक्षरांत. टक्के वाचले. एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, इतके होते का वं तुले?"

"होते ना," बाई म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. "पोरीपाशी दे जाऊन. तिले सांग, पेटीत ठेव म्हना. आन जा आता, साडेचारची गाडी हाय तुह्यी."

मी म्हटलं, "बाई..."

"ऊन उतरून राहिलं रे. माह्या दोन ओळी बाकी हायेत."

ती परत आपल्या ओळीत जाऊन बसली. मी कागद पाकिटात घातला आणि थोडा वेळ तिथंच उभा राहिलो, ती एकदा तरी वर पाहील म्हणून. ओळ लांब होती. बाया पुन्हा गप्पा मारायला लागल्या, ती त्यांच्याबरोबर पुढे पुढे सरकत गेली, आणि मी निघेपर्यंत तिनं मान वर केली नाही.